योनाच्या देवमाशाविषयी खुलासा

कॅन्सस
गुरुवार, २० मार्च १९९७

प्रिय हिल्डाआत्या,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझा गुडघा आता कसा आहे?

संडेस्कूलच्या नाटकातला, योना संदेष्ट्याला गिळणारा देवमासा आजोबांनी बनवला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते चुकलं. आजोबांनी तो फक्त रंगवला. लांबीही सात फूट नसून सहा फूट दहा इंच आहे (दोनदा मोजली. आईने शाळेत न घालता स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, ते असं छळतं).

झालं असं, की मंडळीच्या मदत-लिलावाला लोक गोधड्या देतात, मी माळ्यावरचा देवमासा देऊ केला. यादीत तशी नोंदही केली. मग आतून पुसायला तोंडातून आत सरपटले आणि आत्या, बघते तर काय! आजोबांचा कुंचला आत पोचलाच नव्हता! चक्रं, काटे, लाल बटणं, वर बघायची आरशाची नळी, आणि ठळक अक्षरांत 'पाणतीर सोडा'. ती पाणबुडी आहे. लढाऊ. अणुशक्तीवर चालणारी. पुठ्ठ्याची. मी अर्धा तास तशीच पडून राहिले. नळीतून आपली कोंबडीसुद्धा शत्रूच्या जहाजासारखी भव्य दिसत होती. बंदूक धरायला नको म्हणून आपल्या पंथाच्या माणसांनी देशामागून देश सोडले, आणि आपली मुलं तीस वर्षं युद्धनौकेत बसून शांतीची गाणी म्हणत होती!

बाबांना विचारलं, तर ते दूध काढता काढता म्हणाले, "दहा वर्षांचा होतो. शेजारच्या लुथरन पोराच्या कॉमिकच्या मागच्या पानावर पाणबुडीची जाहिरात होती. सहा आठवडे टपालपेटीपाशी उभा होतो."

"आणि निघाला पुठ्ठा! वाईट नाही वाटलं?"

"वाईट? खुळी कुठली! दोन दिवस मी समुद्राखाली होतो."

तिसऱ्या दिवशी आजोबांनी पाहिली. चर्चचे पाळक असून ओरडले नाहीत. म्हणाले, "एल्डो, करड्या रंगाचा डबा आण."

आता पेच असा. गप्प बसले, तर मी खोटं सांगून वस्तू विकते. यादीतून काढून घेतली, तर लिलावाच्या समितीला कारण द्यावं लागतं, आणि लिलावानंतरच्याच रविवारी मंडळी बाबांना चर्चचा सेवक निवडायचं की नाही ते ठरवणार आहे. त्यात काल सकाळी माळ्यावर गेले, तर माशाच्या तोंडातून बाबांचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. मी आवाज न करता खाली आले.

तुझी,
आर्लीस

ता. क. पाणबुडीचा खोका बाबांनी जपून ठेवलाय. पत्त्याची चिठ्ठी तेव्हा मागवणाऱ्यानेच लिहून पाठवायची असे. ती अजून चिकटलेली आहे, आणि अक्षर तुझं आहे. (माझी पिचकारी 'हे शस्त्र आहे' म्हणून तूच काढून घेतली होतीस. दोष देत नाही.)

पुन्हा ता. क. बाबा म्हणाले, "सगळं सांग खुशाल. पण कुणाला नेऊ देऊ नकोस." म्हणून तू लिलावाला ये आणि त्यांच्या शेजारी बस, एवढंच मागणं. तू न आलीस तरी मी उभी राहून सगळं सांगणार आणि पाणबुडी परत घरी आणणार: शनिवार, १२ एप्रिल, सकाळी नऊ वाजता, पहिली गोधडी पुकारण्याआधी.