काळी झेरॉक्स

गिरीज, सोमवार

प्रिय मेघना,

आधी निकाल सांगून टाकतो. चांगली बातमी शेवटापर्यंत दाबून ठेवायची ही आम्हा वक्त्यांची खोड, आणि ती मला आता सोडायची आहे. गाठ साधी निघाली. काढलेल्या पूर्ण गाठीचा अहवाल शुक्रवारी आला. कर्करोग नाही. स्वरयंत्र जागेवर आहे आणि जेवण नीट उतरतं. आईनं तुला हे कळवलं असणारच, तरी माझ्या हातून लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचावं असं वाटलं. एकवीस दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. आज अठरावा दिवस.

घरात फार शांतता आहे असं समजू नकोस. शेजारच्या आल्बिनानं तिच्या बालवाडीतली पाटी आणून दिली आहे, आणि मी पाटीवरही तावातावानं भांडतो. पेन्सिली मोडतात. सभांतला माझा साथी ज्युलियस रोज संध्याकाळी येतो, मी लिहिलेलं माझ्याच ढंगात हात उगारून मोठ्यानं वाचतो आणि तुझी आई हसून हसून बेजार होते. परवा आल्बिना मला म्हणाली, "भाऊ, मी लग्न होऊन गिरीजला आले त्याला तीस वर्षं झाली. इथे सकाळी एवढे पक्षी ओरडतात ते मला आत्ता कळलं." मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत ती केळीच्या वाफ्यापलीकडे गेलीसुद्धा. मुक्या माणसाचा हजरजबाबीपणा असा वाया जातो.

या दिवसांत मी तुझं पुस्तक वाचलं. पहिल्या वर्षाचं, ऊतींच्या रचनेचं, तू माळ्यावरच्या पेटीत ठेवलेलं. समासात तुझ्या बारीक अक्षरातल्या टिपा आहेत. एका पानावर 'हे बाबांना सांगायचं' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तू सांगितलं होतंस का गं? मला आठवत नाही. बहुधा तू सांगायला आली असशील आणि मी तुला इतिहास सांगत बसलो असेन.

ते पान संयोजी ऊतींचं आहे. मी समजत होतो की शरीर म्हणजे विटेला वीट लावावी तशा एकमेकींना चिकटलेल्या पेशी. इथे उलटंच. पेशी मोजक्या, एकमेकींपासून लांब, आणि मधल्या मोकळ्या जागेत त्यांनीच तयार केलेले तंतू आणि लगदा. ताकद असते ती या मधल्या भरावात. तो ताणाला टिकला की स्नायूला हाडाशी बांधणारा दोर होतो, घट्ट पण लवचिक झाला की कूर्चा, त्यात चुना बसला की हाड. एवढंच काय, रक्तही याच कुळातलं. चाळीस वर्षं मी समाज, समाज म्हणून घसा फोडला आणि हे मला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणजे तूच सांगायला आली होतीस. असो.

कूर्चेचं चित्र मी बराच वेळ पाहिलं. एकसारखा निळसर भराव, त्यात लहान लहान खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक पेशी. रक्तवाहिनी नाही, नस नाही. जे काही पोषण मिळायचं ते कडेनं झिरपत झिरपत आत येणार. आपल्या वाडीतलं बावखलाचं तळं जसं आजूबाजूच्या झाडांना न बोलता गोडं पाणी पुरवतं, तसंच. म्हणूनच कूर्चा दुखावली तर बरी व्हायला फार वेळ घेते, असं तू समासात लिहिलं आहेस. हाडाचं तसं नाही. तिथे मधोमध रक्ताचा मार्ग, भोवती झाडाच्या खोडासारखी वर्तुळं, आणि चुन्यात अडकलेल्या पेशींनी बारीक नळ्यांतून एकमेकींकडे पोचवलेले हात. एका जातीच्या पेशी हाड खातात, दुसऱ्या नवं बांधतात, आणि हे जन्मभर चालू. म्हणजे हाडालाही मत बदलता येतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ वाडीत चक्कर मारून आलो.

आता माझ्या घशाचं. तू नोव्हेंबरात आलीस तेव्हा माझा आवाज बसून तीन महिने झाले होते. आपल्या गावात माझा बसलेला आवाज हा मानाचा विषय होता हे तुला माहीत आहे. सभा झाली की लोक मध, आलं, ज्येष्ठमध घेऊन यायचे आणि मी तो आहेर घ्यावा तसा घ्यायचो. बावखलं बुजवायला निघालेल्यांविरुद्ध लढताना गेलेला आवाज, तो दुखणं कसा असेल? फेब्रुवारीत पाच पायऱ्या चढताना धाप लागून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा आई मला ओढतच मुंबईला घेऊन गेली. स्वरतंतूंच्या खाली, श्वासनळीभोवती अंगठीसारखी जी कूर्चा असते, तिच्या मागच्या बाजूला गाठ निघाली. स्कॅन झालं. गाठीचे चार तुकडे काढून बाटलीत घालून आमच्याच हातात दिले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की तपासणाऱ्यांना तुकड्यांबरोबर स्कॅनची फिल्म द्या, कूर्चेची गाठ नुसत्या तुकड्यांवरून ओळखता येत नाही.

आणि इथे तुझ्या बापानं काय केलं ते ऐक. चाळीस वर्षं कचेऱ्यांशी भांडून मी एक नियम केला आहे, की अस्सल कागद हातचा सोडायचा नाही. द्यायची ती झेरॉक्स. मी फिल्मची झेरॉक्स काढली. दुकानातला माणूस म्हणाला, काका, यातून काही यायचं नाही. मी त्याला गप्प केलं. काळाकुट्ट कागद आला, कडेला माझं नाव तेवढं पांढरं. प्रयोगशाळेतल्या मुलीनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि अस्सल मागितली, तर मी तिला नागरिकाच्या हक्कांवर दहा मिनिटं ऐकवलं. बिचारीनं तो काळा कागद टाचून घेतला. ज्युलियस माझ्या शर्टाची बाही ओढत होता. मी विजयी मुद्रेनं बाहेर पडलो आणि अस्सल फिल्म कपाटात कुलूप लावून ठेवली.

आठ दिवसांनी अहवाल आला. तुकड्यांत कूर्चा आणि हाड मिसळलेलं दिसतं, कूर्चेची गाठ हाडात शिरली असावी, कर्करोगाचा संशय. मी त्यांना दोष देत नाही. असली गाठ क्वचितच पाहायला मिळते, आणि मी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे खरं ठरलं तर पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास घ्यायचा. आणखी एकदा तपासून घेऊ, असंही म्हणाल्या. घरी येऊन मी वाडीतल्या चौथऱ्यावर बसलो. मला मरणाची भीती वाटली नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला भीती वाटली ती मी जिवंत असेन आणि माझ्यासमोर कोणीतरी खोटं बोलेल याची.

मग एके दिवशी कपाटातून फिल्म गायब झाली. मी घर डोक्यावर घेतलं. आई शांतपणे मटार सोलत राहिली आणि म्हणाली, चोरीला गेली असेल. दहाव्या दिवशी नाशिकहून दुसरा अभिप्राय आला. गाठ लहान, गोल, कडा शाबूत. पेशी विरळ, प्रत्येक खळग्यात एकेकच, कुठे गर्दी नाही. आणि तुकड्यांतलं हाड म्हणजे गाठीनं खाल्लेलं हाड नव्हे. साठी उलटलेल्या माणसाच्या गळ्यातली कूर्चा आपोआप हाड होत जाते, तेच नेहमीचं हाड. वयानं मी आतून कडक होत गेलोय, हे कळायला नाशिकपर्यंत जायची गरज नव्हती, आईला विचारलं असतं तरी चाललं असतं. त्या एका पानावर विसंबून डॉक्टरीणबाईंनी फक्त गाठ काढली.

अहवालावरची सही, तू नाशिकला ज्यांच्या हाताखाली काम करतेस, त्या तुझ्या सरांची निघाली. तुझं नाव कुठेही नाही. काल रात्री जेवताना आईनं मला सगळं सांगितलं. फिल्म तूच मागवलीस, काचपट्ट्या तू प्रयोगशाळेतून सोडवून आणल्यास, दोन दिवस त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसलीस आणि मग, आपल्या माणसाचा निर्णय आपण एकटीनं द्यायचा नसतो म्हणून सरांपुढे ठेवल्यास. आईला तू म्हणालीस, "माझं नाव बाबांना सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते मानायचे नाहीत."

मेघना, मी पाटी बाजूला ठेवली. तू चुकीचं म्हणाली नव्हतीस. मी मानलं नसतं. हट्टानं गळा कापून घेतला असता, पण तुझं ऐकलं नसतं.

नोव्हेंबरातली ती सभा तू विसरली नसशील. माझा आवाज ऐकून तू ज्युलियसला बाजूला घेतलंस आणि सांगितलंस की आज बाबांना बोलू देऊ नका, हा आवाज बसलेला नाही, आत काहीतरी अडलंय. तुझं निदान तेव्हाही बरोबर होतं. मला ते कळलं आणि मी दीडशे माणसांसमोर म्हणालो, "माझी मुलगी मेलेल्या मांसाच्या चकत्या वाचते, जिवंत माणसाची भाषा तिला येत नाही." लोक हसले. मी त्या हशासाठी थांबलो, हेही मला आठवतं. तू त्याच संध्याकाळी निघून गेलीस. डिसेंबरात मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, आणि मी तुलाच हट्टी ठरवून मोकळा झालो. खरं तर मला माफी मागायची नव्हती, तू कशी आहेस एवढंच विचारून ते प्रकरण मिटवायचं होतं.

रविवारी पुन्हा सभा आहे. त्याच माणसांसमोर मी ते वाक्य मागे घेणार आहे आणि काळ्या झेरॉक्सची गोष्ट सांगणार आहे. ज्युलियस म्हणतो, एवढंच बोलायचं असेल तर सभा कशाला? मी पाटीवर लिहिलं, एवढ्यासाठीच. तू यावंस असा आग्रह नाही.

पण त्याआधी गुरुवार आहे. एकवीस दिवस पुरे होतात, आणि डॉक्टरीणबाईंनी दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली आहे. सकाळी दहाला तुला फोन येईल. त्या आधी हे पत्र मिळावं म्हणून ज्युलियस ते उद्या पहाटे स्वतः घेऊन निघतोय, कारण एक गोष्ट तुला आधी माहीत असायला हवी. जुना आवाज परत येणार नाही असं त्या म्हणाल्या आहेत. जो येईल तो घोगरा, दबका, कुणा परक्या म्हाताऱ्यासारखा असेल. तुला ओळख पटणार नाही. चुकून लागलेला फोन समजून ठेवून देऊ नकोस, तो मीच असेन. माझं म्हणणं एका मिनिटात संपेल. उरलेली चार मिनिटं तू बोल.

तुझाच,
बाबा