वरचे सात आणे

१२ मार्च १९५१
आमच्या साहेबांचा रुपया आता तेवीस आण्यांचा! ह्यांची पेन्शन चितगावच्या बंदर कचेरीतून येते, आणि चितगाव गेलं पाकिस्तानात. आपल्या सरकारनं रुपया उतरवला, त्यांनी उतरवला नाही; म्हणून त्यांचा एक रुपया इथे तेवीस आण्यांना. त्या भांडणात दीड वर्ष पेन्शन अडकून होती. आज आली ती चांगली फुगून.
हे दिवसभर हात मागे बांधून अंगणात फिरत होते. जणू रुपया ह्यांनीच वर चढवला!

१३ मार्च
न्यायनिवाडा झाला. सोळा आणे कमाईचे, ते घराचे. वरचे सात आणे वाऱ्यावर आले, ते आपले नव्हेत. मग कुणाचे? तर रुख्माचे. तिची आई धनवंता ह्यांच्या गावी, कामठ्याला, आमच्या शेतावर भाताच्या रोवणीला येते. पोर शाळेत पहिली आली, तिला नागपूरच्या वसतिगृहात ठेवायची, मॅट्रिक करायची.
मी म्हटलं, वाऱ्याची एखादी नथ मलाही चालली असती. ऐकू आलं नाही. ह्यांचं बहिरेपण फार सोयीचं आहे.

९ जून १९५३
गोंदियाच्या बाजारात ह्यांना सगळे ‘तेवीस आणे साहेब’ म्हणतात. हे रागावल्यासारखं करतात — आणि उद्या पुन्हा बाजारात जायला निमित्त शोधतात.

२० जून
कामठ्याला जाऊन आलो. थोरल्या जाऊबाई, जमुनाबाई, अजून तशाच. लग्नानंतर दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. भाजीत मीठसुद्धा विचारून घालायचं. चितगावच्या बोटीत चढले तेव्हा बाकीच्या बायका रडत होत्या, मी हसत होते. परक्या मुलखात जाते आहे, असं कुणाला वाटलं असेल? मी माझ्या चुलीकडे निघाले होते.

२ ऑगस्ट १९५५
शेजारच्या भैयाजींच्या रेडिओवर बातमी. पाकिस्ताननंही रुपया उतरवला. आमचे पुन्हा सोळाचे सोळा. भैयाजी हसून म्हणाले, “साहब, सात आने कहाँ गए?” हेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

४ ऑगस्ट
रुख्माची मॅट्रिक मार्चमध्ये. तोवर पैसे गेले नाहीत तर ती परत येणार, आणि बापानं तिरोड्याचा एक बिजवर बघूनच ठेवला आहे. पोर दिवाळीनंतर सासरी!
एकच वाट आहे. गोंदियाचं भाड्याचं घर सोडायचं, कामठ्याला भावाच्या घरी राहायचं. वाचेल ते भाडं रुख्माला. मीच चिडवलं — साहेबांचा रुबाब गावात मावायचा नाही. हे म्हणाले,
“मी जाईन. लोक हासतील तं हासू दे. पण तुले पुन्हा जमुनावहिनीच्या हाताखाली नाही ठेवत. काऊन ठेवू?”
मला वाटत होतं, ह्यांना स्वतःच्या मानाची पडली आहे. पुढची थट्टा तयार होती, ती तोंडातून निघेना.

१० ऑगस्ट
ह्यांनी रुख्माला ‘परत ये’ म्हणून पत्र लिहिलं आहे. खिशात घालून बाहेर जातात, खिशात घेऊनच परत येतात. विचारलं की म्हणतात, पेटी भरली होती. एवढी पत्रं कोण लिहितं गोंदियात!

११ ऑगस्ट
वांग्याची भाजी केली. मीठ माझ्या हातानं, माझ्या अंदाजानं. जेवताना घास फिरत राहिला. जाणार नाही मी कामठ्याला. काही झालं तरी नाही.

कामठा, ४ सप्टेंबर
ते पत्र गोंदियाच्या चुलीत घातलं. त्या चुलीतलं शेवटचं जळण.
जाऊबाईंनी विचारलं, “काऊन आलीस वो, सुमित्रा?” म्हटलं, हवापालट.
रुख्माचे पैसे सकाळी गेले. संध्याकाळी भाजीत मीठ किती घालू, ते विचारलं.