गच्चीवरचं धान

माय, आज सकाळी गच्चीवर मेथी टाकली आणि धणे रगडून सांभार टाकला. वांग्याला फुलं आली आहेत. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. आता ती स्वतः आई झाली आहे. तरी माती हातात घेतली की मी तुझ्याशीच बोलत असते.

आपलं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि तू कुहीकडून इथे शहरात, जरीपटक्याला, माझ्या भाड्याच्या घरी आलीस. भांडीकुंडी बरीचशी वाटून टाकलीस, धानाचं बियाणं मात्र पदरात बांधून आणलंस. सुरुवातीला तू नुसती खिडकीशी बसून असायचीस. मी बाजारातून पालक आणला की जुडी उलटीपालटी करून विचारायचीस, "कोणाच्या वावरातला वं?" मला काय ठाऊक असणार! मग मृग लागला तशी तू उठलीस. जुनी प्लॅस्टिकची टाकी अर्धी कापून घेतलीस, माती कालवलीस, गच्चीच्या कोपऱ्यात बियाणं टाकून रोपं केलीस आणि लुगडं खोचून रोवणा केलास. तेवढ्याशा चिखलात वाकून रोपं लावताना तू गुणगुणत होतीस. मी जिन्यातच थांबले. वर यावंसं वाटलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर लोंब्या धरल्या आणि खालच्या खोलीचं छत गळू लागलं. घरमालकीण, म्हातारी सिंधी बाई, गुडघे धरत वर आली. "ये सब आज ही हटाओ." तू टाकीपुढे आडवी झालीस. "थोडे दिवस थांबा ना बाई. दाणा भरून राहिला. आता उपटलं तं पाप लागन." तिला अर्धंच कळलं असेल. पण तिनं एक दाणा तोडून दाताखाली दाबला. पांढरं दूध निघालं. "हमारे भी चावल के खेत थे, सिंध में," ती म्हणाली. "मैं तो गोद में थी, कुछ याद नहीं. माँ रोज बताती थी." मग टाकीच्या काठाला हात लावून ती खाली उतरली. धान कापेपर्यंत तिनं खालच्या खोलीत गळतीखाली बादली ठेवली.

तू ते वाळवलंस, खलबत्त्यात हलक्या हातानं कांडलंस. वाटीभर तांदूळ निघाला. बुद्धाच्या फोटोपुढे थोडा भात ठेवलास, घरमालकिणीला बोलावलंस, प्रत्येकाच्या ताटात घासभर वाढलास. आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघत आहोत, आणि तू सावकाश चावते आहेस.

"भात चांगला झाला," तू म्हणालीस. "पण आपल्या वावराचा नाही लागत."

"बियाणं तर तेच होतं, माय."

"अन् माती कुठून आणू वं?"

त्यानंतर तू कशालाच हात लावला नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात गेलीस.

एका उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा आम्ही तिकडे जाऊन आलो. भेगाळलेला गाळ आणि वाळकी खोडं. आपलं वावर कोणतं, मला ओळखू आलं नाही. हे पत्र तरी कुठे टाकू? गावच्या पत्त्यावर आता पाणी आहे.

शेजारणी विचारतात, एवढं सगळं लावता, मग धान काहून नाही लावत? मी सांगते, ऊन पुरत नाही. ऊन भरपूर आहे, माय. भीती एवढीच वाटते, की तो भात खाताना मला काही फरकच कळणार नाही.