मोहाखालचं दुकान

धानोरा तालुका,
४ फेब्रुवारी २०२४

चि. रीनाले आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

टेकडीवर चढल्याशिवाय फोनले रेंज नाई, अन् आता मी चढत नाई, म्हणून शाळेच्या बाई लिहून राह्यल्या. आपल्या सडकेवरच्या मोहाच्या झाडाखाली बाजूच्या वावरवाल्या मुखरूनं चहाचं दुकान बांधलं. कोणी नवं बांधकाम काढलं का बांबू द्यायची आपली रीत. मीच गाडीभर देले. मले वाटलं, त्याच्याच हद्दीत बांधते. माह्याच बांबूवर टीन ठोकून आता म्हणते, "सोनीबाई, जागा कोणाची ते कागद सांगन." तू चंद्रपुरात वकिली शिकून राह्यली न, मंग सांग, मोडू का? कुऱ्हाडीले धार लावली आहे.

वेळेवर जेवत राहजो.
तुही आजी

चंद्रपूर,
११ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

कुऱ्हाड आधी ठेव. आपण मोडलं तर गुन्हा आपल्यावर, आणि तू ठाणेदारालाही गाडीभर बांबू देशील. तातडीची मोजणी करून खुणा गाडून घे. मग वकिलाची नोटीस. ऐकलं नाही तर दिवाणी कोर्टात बांधकामाला मनाई आणि जागा परत मागायची. गप्प मात्र बसू नकोस. तो म्हणेल, आजीला कबूलच होतं, बांबू काय उगाच दिले? मोहाखाली जाणं सोडू नकोस. काही ठरलंच तर ग्रामसभेसमोर, लेखी. तोंडी गोड बोललीस तर मीच मुखरूचं वकीलपत्र घेईन.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी रीना

धानोरा तालुका,
५ एप्रिल २०२४

चि. रीनाले अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोजणी झाली. दुकान पुरं आपल्या हद्दीत निघालं. नोटीस पाठवली, तर मुखरूनं तिच्यात भजे बांधून देले.

मंग मोह फुलला. रोज सकाळी गावच्या साऱ्या बाया टोपल्या घेऊन माह्यासंगं पडलेले फुलं वेचाले येत. कोणी बाकाखाली शिरे, कोणी चुलीपाशी बसे. गिऱ्हाईक आलं का आम्ही म्हणत होतो, पाय जपून भाऊ, मोह चिरडते. चहा प्याले कोणी उरलं नाई.

शेवटी ग्रामसभेत त्यानं हात जोडले. जागा सोनीबाईची, म्हणे, उद्याच टीन काढतो. मी म्हटलं, "खबरदार, हात लावशीन तर."

बाई लिहिता लिहिता माह्याकडे पाहून राह्यल्या. तूही कपाळाले हात लावशीन. पण भुईवरच्या मोहाले माती लागते, टिनावरचा साफ निघते. म्हणून मोह संपेपर्यंतच टीन राहीन, मंग त्यानं उचलायचं, असं सभेत लिहून सही घेतली. तवर रोज शिडी लावून तोच झाडून देते.

येतांना पोते आणजो, अन् आजीवर जीव राहू दे.
तुही आजी