डावं-उजवं

अकोला,
२० जानेवारी २०२६

प्रिय स्वप्निलदादा,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, तोंड तेवढं मोकळं आहे. वहिनीनं पाठवलेली शेंदूरजन्याची संत्री गोड निघाली. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आमच्या हँगरमधल्या अनुपच्या हाती देते. उद्या तो अमरावतीला चाललाय.

तुमच्या फ्लाइंग स्कूलचं विमान काल आमच्या हँगरला आलं. पायलट उतरला तो हात चोळतच. म्हणाला, "म्याडम, इंजिन चालू केलं का दात वाजून राहिले." तू प्रोपेलर बॅलन्स करून करून थकलास, म्हणून तुमच्या स्कूलच्या खुशालराव साहेबांनी विमान दुसऱ्या कोणाकडे पाठवलं. ती दुसरी कोणी मी निघेन, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रोपेलरच्या पंख्याची टोपी मीच उघडली. टोपीमागच्या गोल ताटाच्या भोकांत लावलेली तुझी वजनं पाहिली आणि मला हसू आवरेना. वजन कितव्या भोकात लावायचं ते बॅलन्सचं मशीन सांगतं; ते भोक पायलटच्या खुर्चीत बसल्यासारखं पाहून मोजायचं. तू अजूनही पंख्यापुढे उभा राहून मोजतोस. मग डावीकडचं वजन उजवीकडे जातं, थरथर वाढते, आणि तू त्याच बाजूला आणखी एक वॉशर चढवतोस.

मी तुमच्या स्कूलमध्ये कामाला होते तेव्हाही तू हेच केलं होतंस. टोपीला चीर गेली, चौकशी लागली. तू साहेबांपुढे म्हणालास, "दीपमालानं मोजलं जी. तिले डावं-उजवं समजत नाही." मी त्या दिवशी चाकाच्या ब्रेकवर काम करत होते, पंख्याला हातही लावला नव्हता. पण आई म्हणाली, "घरची गोष्ट घरात राहू दे माय. त्याचं लगन ठरून राहिलं." मी गप्प बसले. तुझ्या वरातीत नाचलेसुद्धा.

तुझी नोकरी राहिली, माझी गेली. इथं अकोल्यात काम मिळेपर्यंत नांदगाव खंडेश्वरला विहिरीवरच्या जळक्या मोटारींत तार भरत बसले. तिथंही गिऱ्हाईक विचारायचं, "इमानाचा पंखा बिघडवणारी थे पोरगी तूच ना?" हा प्रश्न मी तुला कधी सांगितला नाही. झोपताना मात्र तो रोज ऐकला.

आई आताही म्हणते, "झालं गेलं. काहून उकरून काढून राहिली?" मला सूड हवाय, दादा. दुसरा बरा शब्द मी शोधला नाही.

तुझी वजनं मी काढलेली नाहीत. जिथं लावलीस तिथंच आहेत. गुरुवारी सकाळी साहेब येतायत, तुमची शिकाऊ पोरंही येतायत; मीच बोलावलंय. पहिल्या भोकाला खडूची खूण असेल. सगळ्यांदेखत तू मोजायचंस. मग मी मोजेन, तुझी वजनं उतरवून माझी लावेन, आणि इंजिन चालू करू. त्यानंतर साहेब तुला विचारतील, टोपीला चीर गेली तेव्हा भोक कोणी मोजलं होतं?

तू आलास तर उत्तर तुझ्या तोंडून जाईल. नाही आलास तर माझ्या. विमान मी दोन्ही वेळा नीटच करून देईन, त्याचं माझं वैर नाही.

गुरुवारचा स्वयंपाक आई करणार आहे. तुझ्यासाठी पानगे सांगितलेत. जेवून जा.

डावं-उजवं न समजणारी तुझी बहीण,
दीपमाला