दिवाळीचं बुकिंग

बंगळूर

ती. आईस नमस्कार,

मी बरी आहे. फोन नेहमी बाबाच उचलतात, म्हणून पत्र.

व्हिडिओ पाहून अख्खी वेबसाइट बनवायला शिकतेय. सरावाला, बाबा पर्यटकांना भाड्याने देतात तो आपला तुंगार्लीचा बंगला घेतला. नीट चालतं का पाहायला दिवाळीचं एक खोटं बुकिंग टाकलं. साइटवर नंबर बाबांचा, त्यामुळे त्याचा मेसेज त्यांना गेला.

काल फोनवर म्हणाले, "ओवी, गिऱ्हाईक आलं गं! गाद्या उन्हात टाकल्यात. आता नाक्यावर पाटी धरून उभं राहणं संपलं." मला खरं सांगवलं नाही.

त्यांचे गुडघे कसे आहेत?

तूही सांगू नकोस. दिवाळीत मीच येऊन सांगेन. नोकरी गेली आहे, त्यामुळे परतीचं तिकीट काढलेलं नाही. गाद्या मात्र आवरू नका, मला लागतील.

तुझी,
ओवी