मामांचा बोर्ड बंद करण्याबाबत

ती. मामांस,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर या खोलीत आधी टेबल सरकवावं लागेल, आणि टेबल सरकवलं तर तुमच्या बोर्डाची वायर निघेल. तेव्हा उभ्याने केलेला गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची पाठ? इकडे सगळं ठीक. आई म्हणते मी वाळले आहे, पण हे ती फोनवरून कसं ठरवते ते तिने अजून सांगितलेलं नाही.

तिच्यामार्फत तुमचा निरोप पोचला: "तिला म्हणावं, बंद कर ते. मेलेल्याला सलाईन लावू नये." बोर्ड तुमचा, तेव्हा बंद करण्याचा अधिकारही तुमचाच. फक्त रुग्ण मेलेला नाही, हे तपासणाऱ्याने कळवायला हवं, म्हणून हे पत्र.

घर बदलताना तुम्ही जुना संगणक मला दिलात आणि "भंगारात घाल" म्हणालात. मी घातला. आधी त्याची हार्ड डिस्क काढून घेतली, इतकंच (डिस्कबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता). तिच्यात तुमचा बोर्ड, म्हणजे फोनवरून चालणारा तो सूचनाफलक, जसाच्या तसा होता. मी पाळण्यात असताना तुमची सगळी मित्रमंडळी आपापल्या संगणकावरून त्याला फोन लावायची, सूचना वाचायची, उत्तर लिहायची आणि फोन ठेवायची. मग पुढच्याचा नंबर, कारण तुमच्याकडे लाइन एकच.

ते सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालत नाही. म्हणून मी माझ्या संगणकाच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग. खोटा मोडेम, खोटी फोनलाइन (लोक येतात ते इंटरनेटवरून), खोटा फ्लॉपी ड्राइव्ह (सुरू होताना ते दर वेळी फ्लॉपी चाचपतं, फ्लॉपी नसते, मग ते पुढे जातं). तरी पहिल्यांदा ते उठता उठताच कोसळलं. ते सुरुवातीला संगणकाचा वेग मोजतं, आणि आजचा वेग त्याच्या मापात मावत नाही. तेव्हा चांगल्या धावत्या मशीनला मी मुद्दाम रेंगाळायला शिकवलं. (आमच्या ऑफिसात हे काही जणांना उपजत येतं.)

मग सालाचा घोळ. त्याला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळतात, आणि नव्याण्णवनंतर ते भांबावतं. मी घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे नेलं. तेवढ्याने वार आणि तारखा बरोबर जुळतात. परिणामी यादीतली सगळ्या सभासदांची वयं अठ्ठावीसने उतरली, ज्याबद्दल एकाचीही तक्रार आलेली नाही. शिवाय "बोर्ड कायमचा बंद होत आहे" ही तुमची शेवटची सूचना, बोर्डाच्या हिशेबाने, अजून यायची आहे. मी नुसतं नोंदवते आहे.

पहिले परतले ते तुमचे मित्र दंतवैद्य. माझ्या दाढेत यंत्र घालून ते विचारत होते, "काय, मामा काय म्हणतात?" मी बोर्डाबद्दल जे काही बोलले ते त्यांना कसं उमजलं तेच जाणोत, पण संध्याकाळी ते लाइनवर हजर. त्यांच्यामागून बाकीचे आले, आणि आल्याआल्या तक्रारी. भूगोलाच्या बाईंनी लिहिलं, "इतकं झटकन उघडलं म्हणजे हा आपला बोर्डच नव्हे." मग अक्षरं पूर्वीसारखी एकेक उमटतील असं केलं, तेव्हा त्यांची खात्री पटली. लाइनी वाढवू का, असं विचारलं, तर घड्याळजी म्हणाले, "मुली, एकच ठेव. सगळे एकदम बोलायला हा काय मासळीबाजार आहे?"

एकच ठेवली, आणि तिथेच पेच पडला. दंतवैद्य बोर्डावर येतात, एक निरोप वाचतात, आणि लाइन तशीच सोडून जेवायला, झोपायला, दवाखान्यात जातात. बाकीच्यांना दिवसभर लाइन लागेना. पूर्वी हे कसं निभत होतं? आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझी मामी बहिणीला फोन करायला रिसीव्हर उचलायची आणि जो कोण असेल तो तुटायचा. दादा असा चिडायचा!" म्हणजे, मामा, तुम्ही सगळे ज्यांना बोर्डाचा शत्रू समजत होतात, त्यांच्याचमुळे प्रत्येकाला पाळी मिळत होती. हा भाग सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच, मग डिस्कवर कुठून सापडणार? तो मी लिहून घातला. मनात येईल तेव्हा रिसीव्हर उचलणारा एक छोटासा प्रोग्रॅम. नाव "मामी". पहिल्यांदा तुटल्यावर दंतवैद्यांनी परत येऊन लिहिलं, "वहिनी अजून तशाच आहेत हो!" माझ्या आजवरच्या कामात मला हाच तुकडा सगळ्यात सुबक वाटतो. (मामींना सांगावं की नाही, हे तुम्ही ठरवा.)

आता मुख्य गोष्ट. नदी जमीन घडवते की जमीन नदीला, यावर बाई आणि घड्याळजी यांचा जो वाद तुमच्या सूचनेमुळे अर्धवट राहिला होता, तो तुम्हाला आठवत असेल. घड्याळजींनी परवा बाईंच्या त्या शेवटच्या निरोपाला उत्तर दिलं. पूर्ण उत्तर असं: "असहमत." बाईंचं प्रत्युत्तर पडदाभर आहे आणि अजून संपलेलं नाही. तुम्ही बंद केलात तर तो वाद दुसऱ्यांदा अर्ध्यावर मोडेल, आणि या खेपेला तो पुरा करायला माणसं उरतील असं मी लिहून देऊ शकत नाही.

सुरू झाल्यापासून बोर्ड एकदाही कोसळलेला नाही. तुमच्या वेळी तो वरचेवर कोसळायचा, असं दंतवैद्य म्हणतात. तुलना करण्याचा माझा हेतू नाही.

आपली
भाची

ता. क. बोर्ड बंद करण्याची आज्ञा फक्त संचालकाच्या खात्यातून देता येते, आणि संचालक अजून तुम्हीच आहात. माझा दर्जा "पाहुणी सभासद" असा आहे. एका फाइलमधला एक आकडा बदलला की मीच संचालक होईन; कुठला, ते मला ठाऊक आहे. बदललेला नाही. तो तुम्ही बदलायचा असतो. तेव्हा बंद करायलासुद्धा तुम्हाला स्वतः यावं लागेल. पासवर्ड तुमचा जुनाच आहे. मी पाहिलेला नाही.

आणखी एक ता. क. आत आल्यावर पडद्यावर दोन ओळी दिसतील: वर "सभासदाला संचालक करा", खाली "बोर्ड बंद करा". कर्सर आपोआप वरच्या ओळीवर थांबतो आणि जो सभासद शेवटचा येऊन गेला त्याचं नाव तिथे आधीच भरलेलं असतं. तुमच्या आधी शेवटची मी येऊन गेलेली असेन, याची व्यवस्था केली आहे. चष्मा सापडला नाही तरी हरकत नाही. नुसतं एंटर दाबा.